चिंचोका

अमेरिकेतल्या मराठी घरांत दोन प्रकारचे डिशवॉशर असतात. ज्यात भांडी धुतात तो एक, आणि ज्यात हाताने धुतलेली भांडी निथळत ठेवतात तो दुसरा. आमच्याकडे कित्येक वर्षं दुसरा प्रकार होता. अपार्टमेंटमधल्या त्या मशीनच्या वरच्या कप्प्यात वाट्या, खालच्यात ताटं आणि उरलेल्या जागेत दह्याचे रिकामे डबे अशी व्यवस्थित वाटणी होती. पुढे २०१६ साली न्यू जर्सीतलं हे घर घेतलं तेव्हा बायकोने जाहीर करून टाकलं, "या घरात भांडी मशीनच धुणार." तेव्हापासून ते रोज रात्री इमानेइतबारे धुतंय. मधले तीन आठवडे सोडले तर. आज त्या तीन आठवड्यांबद्दल लिहायचंय.

गोष्ट २०२३ च्या जानेवारीची. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी चहाचा कप घेऊन लॅपटॉप उघडला, तर पासवर्ड चालेना. दोनदा टाकला, तिसऱ्यांदा टाकला. मग फोनवर मेल दिसली. त्या महिन्यात हजारो लोकांना आली तशीच. लांबलचक मेल होती आणि तिच्यात एक वाक्य होतं, की या निर्णयाचा तुमच्या कामाच्या दर्जाशी काहीही संबंध नाही. मग कशाशी आहे? ते मात्र कुठेच लिहिलं नव्हतं. मी ती मेल दहा वेळा तरी वाचली असेल, फक्त तेवढंच शोधायला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. एच-वन-बी व्हिसावर असताना नोकरी गेली, की शेवटच्या दिवसापासून जास्तीत जास्त साठ दिवस मिळतात (२०१७ च्या आधी तेवढेही मिळत नसत). तेवढ्यात दुसऱ्या कंपनीने तुमच्यासाठी अर्ज दाखल करायचा, किंवा तुम्ही दुसऱ्या कुठल्या व्हिसाची सोय बघायची, नाहीतर गाशा गुंडाळायचा. बायकोचा कामाचा परवानाही माझ्याच व्हिसाच्या खुंटीला बांधलेला. घराचे हप्ते, नऊ वर्षांच्या लेकीची शाळा, सगळं त्या साठ दिवसांत.

आणि वरच्या खोलीत आई.

आई नोव्हेंबरमध्ये आली होती, सहा महिन्यांसाठी. वय सत्तरीच्या पुढे, ब्लडप्रेशरच्या गोळ्या सुरू. आम्ही दोघांनी ठरवलं की तिला काही सांगायचं नाही. सांगून ती काय करणार? नुसती काळजी. तेव्हा मी रोज सकाळी नऊला नेहमीसारखा तळघरातल्या टेबलापाशी जाऊन बसायचो, दार लावून घ्यायचो, साडेबाराला जेवायला वर यायचो आणि पुन्हा खाली. "फार काम आहे का रे सध्या?" आई विचारायची. "हो ना," मी म्हणायचो. खोटं नव्हतंच ते. नोकरी शोधण्याइतकं काम कुठल्याच नोकरीत नसतं!

अशात बाराव्या दिवशी सकाळी डिशवॉशर उघडला, तर तळाशी चार बोटं पाणी. हळदीच्या रंगाचं, वर तुपाचे डोळे तरंगतायत. रात्रीची भांडी अर्धवट धुतलेली. बटण दाबलं की आतून घुंऽऽ असा बारीक आवाज यायचा आणि थोड्या वेळाने सगळं गप्प.

आई मागे येऊन उभी राहिली. "वायसर गेला असेल बघ."

आईच्या जगात जे जे बिघडतं त्याचा वायसर गेलेला असतो. नळ गळतो, वायसर. कुकरची शिट्टी होत नाही, वायसर. एरवी मी हसलो असतो. पण आदल्या संध्याकाळीच एका कंपनीची तिसरी फेरी होऊन नकार आला होता. मी एकदम तिच्यावर ओरडलो, "आई, याला वायसर-बियसर नसतो! किती वेळा सांगितलं, खरकटं नीट काढल्याशिवाय ताटं आत ठेवू नकोस म्हणून!"

ती काही बोलली नाही. बाही वर सारून सिंकपाशी गेली आणि ताटं धुवायला लागली.

आता मुद्द्यावर येतो. दुरुस्तीवाल्याला फोन केला. नुसतं येऊन बघायचे ९५ डॉलर. पार्ट आणि मजुरी वेगळी. एरवी लगेच बोलावलं असतं. त्या महिन्यात ९५ डॉलर म्हणजे जवळजवळ आठवड्याचा किराणा होता. म्हटलं, आपणच बघू. इंजिनिअर आहोत ना! (कॉम्प्युटरचा असलो म्हणून काय झालं.)

पहिल्या रविवारी सोप्या गोष्टी केल्या. सगळ्यात आधी त्या मशीनचा ब्रेकर पाडला, कारण आत पाणी आणि वीज शेजारी शेजारी राहतात. मग कप आणि स्पंजने तळातलं पाणी उपसलं. तळातली गोल जाळी काढून पाहिली. तिच्यात मोहरी, जिरं आणि कढीपत्त्याचा एक देठ होता, पण पाणी तुंबावं असं काही नाही. सिंकखालचा डिस्पोजर पाहिला, कारण इकडे डिशवॉशरचं घाण पाणी त्यातूनच बाहेर जातं; तो मोकळा. पाण्याची नळी काढून तोंडाने फुंकून पाहिली (हे करू नका, चव महिनाभर राहते), तीही मोकळी. सगळं पुन्हा जोडलं, बटण दाबलं. घुंऽऽ.

त्या दिवसांत रात्री झोप लागत नसे. नोकऱ्यांच्या जाहिराती बघून झाल्या की डिशवॉशरबद्दल वाचत बसायचो. इतकी वर्षं मला वाटायचं की दार लावल्यावर मशीन टाकीसारखं पाण्याने भरत असेल. तसं काहीच नसतं. तळाशी जेमतेम काही लिटर पाणी येतं. एक पंप तेच पाणी फिरत्या हातांमधून भांड्यांवर फेकतो. त्या हातांना मोटर नसते. भोकं तिरकी असतात, त्यामुळे पाण्याच्या जोरानेच ते गरगर फिरतात. पाणी भांड्यांवर आपटून खाली येतं, जाळीतून गाळलं जातं आणि पुन्हा वर जातं. मग दुसरा छोटा पंप ते मळलेलं पाणी बाहेर टाकतो आणि नवं येतं. अशा सगळ्या फेऱ्या मिळून पाणी लागतं साधारण १२ ते १५ लिटर. आमच्या चाळीतल्या एका बादलीएवढं!

हे यंत्र उपयोगाच्या रूपात आणलं ते जोसेफीन कॉक्रेन नावाच्या बाईंनी, इलिनॉयमधल्या शेल्बीव्हिल गावात. नेहमी सांगतात ती गोष्ट अशी की घरातली जुनी चिनी मातीची भांडी नोकरांच्या हातून धुताना कपचे उडायचे, म्हणून बाईंनी मशीन करायचं मनावर घेतलं. पण पुढचा भाग मला त्या रात्री जास्त महत्त्वाचा वाटला. १८८३ साली नवरा वारला आणि मागे कर्ज ठेवून गेला. मग हौसेची गोष्ट पोटाची झाली. बाईंनी ताटं, कप, बशा मोजून त्यांच्या मापाचे तारेचे कप्पे केले आणि घासण्याऐवजी पाण्याच्या मारावर भांडी स्वच्छ करायची युक्ती काढली. १८८६ च्या डिसेंबरात पेटंट मिळालं, १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात मशीन मांडलं. सुरुवातीची गिऱ्हाइकं हॉटेलंच होती. सर्वसामान्य घरांत ते शिरायला आणखी अर्धं शतक गेलं. रात्री दोन वाजता अंधारात फोनच्या उजेडात मला त्या बाई फार जवळच्या वाटल्या. असो.

मी सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझी पहिली खरी शंका मशीनच्या डोक्यावर गेली. कंट्रोल बोर्ड! पाणी बाहेर काढायचा हुकूमच सुटत नसणार. इंटरनेटवरच्या दोन-चार जणांनीही बोर्डालाच दोष दिलेला होता. झालं! बायकोला न विचारता १८० डॉलरचा बोर्ड मागवला. म्हणजे ९५ वाचवायला १८०. तुम्ही हसाल, पण त्या दिवसांत मला काहीतरी बदलून टाकायचं होतं. काय बिघडलंय ते शोधण्यापेक्षा नवीन आणून बसवणं सोपं वाटत होतं.

बोर्ड यायला आठ दिवस लागले. तोवर घरात काय चाललं होतं ते माझ्या लक्षात आलं नाही. म्हणजे दिसत होतं, पण लक्षात आलं नाही. पहाटे पाचला खालून नळाचा आवाज यायचा; आम्ही उठायच्या आत आईने रात्रीची सगळी भांडी घासून, पुसून, जागेवर लावलेली असायची. आमटी बंद झाली होती. एकेका भांड्यात होणारं काहीतरी, खिचडी नाहीतर उपमा. आणि मग एका रात्री बायको म्हणाली, "आई आज विचारत होत्या, तिकीट अलीकडचं करून मिळतं का."

"का?"

"म्हणाल्या, तुमचं सगळं नीट चाललं होतं, मी आल्यापासून घोळ झाला. मशीन माझ्या हातून बिघडलं आणि तेव्हापासून तो माझ्याशी धड बोलत नाही."

मी नुसता छताकडे बघत पडलो. घरातली हवा बदलली होती हे तिला बरोबर कळलं होतं. कारण आम्ही तिला सांगितलं नव्हतं. मग तिने तिच्या परीने शोधलं आणि तिला सापडलं ते कारण म्हणजे ती स्वतःच. मेल वाचून मी तरी दुसरं काय करत होतो?

पुढच्या रविवारी, म्हणजे तेहतिसाव्या दिवशी, सकाळीच ब्रेकर पाडला, पाण्याचा कॉक बंद केला आणि मशीन ओट्याखालून बाहेर ओढलं. लेक टॉर्च धरून उभी. खालची पट्टी काढली तर तिच्या मागे एक घडी घातलेला कागद निघाला. कंपनीने मेकॅनिकसाठी ठेवलेला, सगळ्या वायरींचा नकाशा आणि कुठला भाग कसा तपासायचा त्याच्या सूचना! इतकी वर्षं तो तिथेच होता, आमच्या पायाखाली. तुमच्याही मशीनमध्ये असायची बरीच शक्यता आहे, बघा.

त्या कागदाप्रमाणे मीटर लावून बाहेर पाणी टाकणारा पंप तपासला. बावीस ओहम. म्हणजे आतली तार शाबूत. आणि तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पंप घुंऽऽ करत होता ना? म्हणजे त्याला वीज मिळत होती. म्हणजे बोर्ड हुकूम सोडत होता! डोकं ठीक होतं. हुकूम पोचत होता, पण पंपाला फिरता येत नव्हतं. तीन आठवडे तो आवाज ऐकत होतो, पण त्याचा अर्थ लावायला बसलो नव्हतो. नवा बोर्ड खोक्यातून न काढता बाजूला ठेवला. (परत पाठवला तेव्हा पंधरा टक्के कापून घेतले. २७ डॉलर. दुरुस्तीच्या खर्चाच्या वहीत एवढीच नोंद आहे.)

मशीन मागे कलतं केलं. पंप पाव फेरा फिरवला की निघतो. निघाला, आणि आत राहिलेलं सगळं पाणी भसकन फरशीवर. "थांब थांब," म्हणत आई जुन्या चादरी घेऊन आलीच. मी पंप उजेडात धरला. त्याच्या इवल्याशा पंख्याच्या पात्यात आणि भिंतीत, अगदी मापाने कापून बसवल्यासारखा अडकला होता एक चिंचोका.

स्क्रूड्रायव्हरने टोकरून काढला. महिनाभर खरकट्या पाण्यात बुडून असा चकचकीत झाला होता, की लेक म्हणाली, "इज इट अ जेम?"

आई बघतच राहिली. "म्हणजे माझ्या आमटीतलाच."

आमटीतलाच होता, त्यात शंका नव्हती. पण चिंचोका पंपात जायला नको. तेवढ्यासाठीच तर जाळी असते. मी जाळी हातात घेऊन नीट पाहिली. तिच्यावर एक बाण आहे आणि तळावर दुसरा. जाळी बसवून फिरवायची, दोन्ही बाण समोरासमोर आले की कट्ट आवाज होतो आणि ती पक्की बसते. तसं केलं नाही तर जाळी नुसती टेकून राहते, वरून बघणाऱ्याला बसल्यासारखीच वाटते, पण पाण्याच्या जोराने उचलली जाते आणि कडेने वाट होते. ती जाळी शेवटची धुतली होती नाताळच्या सुट्टीत. कोणी? मीच. मोठ्या तोऱ्यात, "बघा, अशी महिन्यातून एकदा साफ करायची असते," असं सगळ्यांना सांगत. तो कट्ट आवाज मी त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला.

"आई, तुझं काही चुकलं नाही. जाळी मी लावली नव्हती नीट."

ती चादर पिळत होती. पिळता पिळता म्हणाली, "बरं. मग इतके दिवस चिडला होतास ते कशावर?"

लेकीला म्हटलं, वर जाऊन कोरडे टॉवेल आण. आणि ती गेल्यावर तिथेच ओल्या फरशीवर बसून आईला सगळं सांगितलं. मेल, साठ दिवस, व्हिसा, तळघर.

"किती दिवस झाले?"

"तेहतीस."

"आणि रोज नऊला खाली जाऊन बसतोस?"

"हो."

ती थोडा वेळ गप्प होती. मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "गिरण्यांचा संप झाला तेव्हा तू चार वर्षांचा होतास."

१९८२ सालचा जानेवारी. मुंबईत अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार संपावर गेले, त्यांत माझे वडील होते. हे मला माहीत होतं. पण आईने त्या दिवशी सांगितलं ते माहीत नव्हतं. "तुझे बाबा रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडायचे. गिरणी बंद आहे हे अख्ख्या चाळीला ठाऊक होतं, मलाही होतं. तरी मी डबा भरून द्यायचे. दहा बाय बाराच्या खोलीत पुरुषमाणूस दिवसभर बसणार कुठे? नाक्यावर बसायचे. मग एका स्टोव्हवाल्याकडे बसायला लागले. तिथेच शिकले सगळं."

माझ्या आठवणीतले बाबा म्हणजे इस्त्र्या, मिक्सर, स्टोव्ह दुरुस्त करणारे बाबा. त्यांनी ते हौसेने धरलं असं मी लहानपणापासून समजत होतो. गिरणी परत सुरू झाल्यावर त्यांना कामावर घेतलं नाही, म्हणून ते पोटासाठी होतं, हे मला पंचेचाळिसाव्या वर्षी न्यू जर्सीतल्या ओल्या फरशीवर कळलं. त्यांनीही मला सांगितलं नव्हतं. आमच्या घरात ही परंपराच दिसते.

"मला सांगितलं असतंस तर निदान मशीनच्या नावाने रडले नसते," आई म्हणाली. आणि पंप हातात घेऊन बघायला लागली. पंपाच्या तोंडाशी एक काळी रबरी रिंग असते, पाणी गळू नये म्हणून. तिने ती बोटाने ओढून दाखवली. "आणि हा काय मग? वायसर नसतो म्हणे!"

खरंच होतं. वायसरच होता. तो पुसून, नीट खाचेत बसवून पंप परत लावला, मशीन आत सरकवलं, ब्रेकर वर केला. पाणी आलं, हात फिरले, आणि मग तो आवाज, घाण पाणी नळीतून सिंककडे धावण्याचा, घळाघळा. आम्ही चौघं स्वयंपाकघरात उभं राहून तो ऐकत होतो.

पुढचं थोडक्यात. दुसऱ्या दिवसापासून मी तळघरातला टेबल-खुर्चीचा पसारा जेवणाच्या टेबलावर आणला. आई समोर भाजी निवडत बसायची. नोकरी बावन्नाव्या दिवशी मिळाली, पगार आधीपेक्षा कमी, आणि अर्ज दाखल झाला सत्तावन्नाव्या दिवशी. आईने तिकीट बदललं नाही, एप्रिलअखेर ठरल्याप्रमाणेच गेली. जाईपर्यंत दर दोन दिवसांनी आमटी झाली. चिंच मात्र ती स्वतः गाळून घ्यायची.

नोकरी का गेली ते मला अजून कळलेलं नाही, आणि आता कळणारही नाही. मशीन का बंद पडलं ते मात्र मला पक्कं ठाऊक आहे.

तेव्हा तुमचं मशीन थांबलं, तर आधी ब्रेकर पाडा. जाळी बघा, बाण जुळलेत का बघा. कान देऊन आवाज ऐका: पंप घुमत असेल तर बोर्ड मागवू नका. खालच्या पट्टीमागचा कागद शोधा. आणि घरातल्या कोणावर ओरडायच्या आधी एकदा आठवून बघा की जाळी शेवटची कोणी लावली होती.

आई आता दर रविवारी फोन करते. तब्येत, पाऊसपाणी, लेकीची शाळा, सगळं विचारून झालं की शेवटी एक प्रश्न ठरलेला असतो. "मशीन चालू आहे ना रे?"

"चालू आहे, आई. बंद पडलं तर सांगेन."